बाहेरची कडी

लग्न होऊन भुसावळला आले
आणि पहिल्याच दिवशी दारं बघितली.
आतून कडी, आतून खिट्टी, आतून अडसर.
बाहेरून काहीच नाही.
चौकटीतली भोकं लांबीनं बुजवलेली, वर निळा तेलरंग.
सगळ्यांनी मिळून कुठे जायचं
तर एक जण घरी,
नाहीतर दार नुसतं ओढून घेतलेलं.
एकदा चोर शिरला, पितळेचे दोन डबे गेले.
सासूबाई म्हणाल्या,
"दार उघडं व्हतं म्हणून गेला तरी बिचारा."

नाव याद्विगा.
रेल्वेच्या कागदांवर यशोदा डिगंबर भिरूड.
गल्लीला दोन्ही जमेनात, गल्लीनं केलं यादीबाई.
त्यांना ते पटलं होतं.
"एका यादीत नाव व्हतं म्हणून नेलं मले,
दुसऱ्या यादीत व्हतं म्हणून वाचली.
बरोबरच आहे व माय, मी यादीबाईच."

इराणातून जहाजानं आलेली पोलंडची पोरं,
कोल्हापूरजवळची छावणी, आणि तिथे मामंजी कसे पोचले
हे कोणी नीट सांगितलं नाही.
मामंजी म्हणायचे, सायकलची चेन बसवून दिली.
त्या म्हणायच्या, चेन नव्हती पडली, मीच पाडली.
एवढंच.

बाकीचं एकदाच सांगितलं,
मे महिन्यात, गच्चीवर, बिबड्या घालताना.
पारा सेहेचाळीसवर, ओला पदर डोक्यावर,
आणि त्या बर्फाबद्दल बोलत होत्या.
अकरा वर्षांची पोर. रात्री दारावर बंदुकीचा दस्ता.
आईनं शिवणयंत्र उचललं, पीठ विसरली.
मालगाडीचा डबा, बाहेरून कडी.
एकोणीस दिवस.
स्ताशेक, भाऊ, चार वर्षांचा,
आतून ठोकत राहायचा. मग नाही ठोकलं.
"कडी निघाली चवथ्या दिशी," म्हणाल्या,
आणि हात चालूच,
बिबडी गोल, कड पातळ,
"त्याले खाली दिलं. कोणच्या गावी, मले माहीत नाही."
मग मला म्हणाल्या, पळी नीट धर, जाड होतं.

तीन मुलं वाढवली त्यांनी यार्डाच्या आवाजात.
रात्रभर डबे एकमेकांवर आदळायचे
आणि मुलं झोपायची.
त्या झोपायच्या की नाही, विचारायचं राहिलं.
हिवाळ्यात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायच्या,
राखेतले हात फ्रॉकला पुसायच्या,
लुगडं फक्त लग्नकार्यात.
कळण्याची भाकरी माझ्यापेक्षा गोल,
हे माझ्या आईनंही कबूल केलं,
यावलहून खास बघायला येऊन.

पीतांबर, माझा नवरा, लागला मालगाडीच्या डब्यांवर.
हातोडीनं चाक वाजवून बघायचं,
दारं लावायची, खिळ घालायची, सील मारायचं.
पेढे वाटले मामंजींनी.
त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी डबा भरून दिला, विचारलं,
"दार लावाच्या आधी आत पाहतो ना?"
"सिमेंट असतं आई."
"पाहतो ना?"
बत्तीस वर्षं रोज.
सिमेंट आई, गहू आई, केळी आई, रिकामा आई.
तो कंटाळला, ओरडला,
एकदा म्हणाला, आता विचारशील तर नोकरी सोडीन.
त्या रात्री त्यांनी विचारलं नाही.
आणि तो मोटारसायकल वळवून घरी आला, साडेअकराला,
फाटकातूनच म्हणाला, "पाहिलं आई. कोणी नाही."

गेल्या त्या वैशाखात. घरातच, दार सताड.
चर्चमधले चार जण आले, भिरुडांचे चारशे.
सुतकात धाकट्या दिरानं विषय काढला,
आता कुलपाची सोय करू या.
सुतार आला, गिरमिट घेऊन बुजवलेलं भोक शोधत बसला.
मी चहा ठेवला. चहा पिऊन तो गेला.
का गेला, मी काय म्हणाले, आता आठवत नाही.

पीतांबर निवृत्त झाला त्याला सहा वर्षं झाली.
संध्याकाळी चालायला जातो आम्ही, साइडिंगच्या कडेनं.
गंजलेले डबे उभे असतात, बाभळी वाढलेल्या.
तो बोलता बोलता मागे राहतो.
मला माहीत असतं, मी वळत नाही.
बोटाचं हाड पत्र्यावर,
दोनदा.
मग चपलांचा आवाजही येत नाही बराच वेळ.