दोन दारांमधली भिंत

मुले. मुली.
अक्षरं तीच, रंग तेवढा नवा.
मधल्या सुट्टीत ह्या दोन दारांमधल्या भिंतीला
पाठ लावून मी उभी राहायचे, पोट दाबून.
सातवीपर्यंत शिकले म्हणजे
सात वर्षं लघवी धरून ठेवली,
असं म्हटलं तरी चालेल.

आता त्याच भिंतीवर मी आहे.
सोनपेठच्या प्रशालेतल्या नववीच्या पोरांनी काढलेली.
घोडके सर जिनिंगमागच्या आमच्या खोलीवर दोनदा आले,
एकदा विचारायला, एकदा बोलवायला.
चपला दारात काढल्या.
चहाचा कप पूर्ण संपवला, दोन्ही वेळा.

पोरं एकदम चार-चार जण सांगत होती:
बाटलीवर ‘अंगाचा रंग’ लिहिलेला असतो ना,
तो लावला तर तुम्ही आजारी दिसायला लागल्या.
मग काळ्यात गेरू, गेरूत हळद, पुन्हा काळा.
“अजून टाक,” पंचशीला म्हणायची म्हणे,
“रानातल्या मातीवानी पाहिजे, पावडर लावल्यावानी नको.”
मागचा निळा जयंतीच्या कमानीचा उरलेला,
डब्याच्या तळातून खरवडलेला,
म्हणून डोक्याकडं गडद, पायाकडं फिका.

खाली नाव: झुंबरबाई.
हजेरीपटावर नुसतं झुंबर होतं.
आमच्याकडं हे नाव पोराचंही असतं, पोरीचंही.
आईनं काय ओळखलं होतं, कोण जाणे.

माझ्या खांद्यामागं मालन.
तिचा फोटो नव्हता, मी सांगितलं तशी काढली:
नाकात मोरणी, एक दात पुढं, हसू आवरत नाही अशी.
ती गेली तेव्हा
जाळायचं की पुरायचं, यावर भांडायलासुद्धा
कुणी आलं नव्हतं.

भांडण झालं ते टाळीवरून.
टाळी काढायची कशी?
मिटले हात तर नमस्कार होतो,
पसरले तर मागणं.
शेवटी बोलताना अडखळणारा एक पोरगा म्हणाला,
म-मधी जागा सोडू.
तेवढी वीतभर भिंत त्यांनी रंगवलीच नाही.
मी जवळ जाऊन बघितलं.
जुन्या चुन्यावर तेलकट डाग होता एक.
इथं किती डोकी टेकली असतील.
मी तो माझाच धरला.

मुख्याध्यापक म्हणाले, दोन शब्द बोला.
मी म्हटलं, आधी जायचंय. कुठं जाऊ?
सगळे गप्प.
शिपाई कुठल्याशा किल्ल्या चाचपू लागला.
पंचशीलानं माझं मनगट धरलं,
बांगड्यांसकट,
आणि उजवीकडचं दार ढकललं.
“कडी तुटलीय. मी भायेर थांबते.
आवाज येऊ नाही म्हणून पाढे म्हणते मोठ्यानं.”

सतराचा पाढा.
मला तो सातापर्यंतच यायचा.
पुढचा आत बसून ऐकला.