दोन बाहुल्यांमधलं अंतर

रविवार कारंजाजवळ कांकरियांच्या दुकानात
त्यांनी माझ्या नाकावर स्टीलची पट्टी धरली
आणि म्हणाले, चौसष्ट.
दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये.
चष्मा बदलायचाय?
नाही, गॉगल घ्यायचाय.
उन्हाचा?
उडायचा.

हसले नाहीत. चिठ्ठीवर नंबर लिहून दिला,
उणे साडेपाच, उणे सहा,
आणि पैसे घेतले नाहीत.

एकोणचाळीस हजार पाचशे.
तीन आठवडे कार्टमध्ये पडून आहे,
मधेच सातशेनं उतरतो, परत चढतो,
पिंपळगावच्या टोमॅटोसारखा.
आमचं वॉशिंग मशीन पिळायला लागलं
की मोरीतून चालत दारापर्यंत येतं.
नवं अठराला. म्हणजे दोन मशिनं
आणि वर सुट्टे.

शिवाय उडवायचं कुठे? नकाशा उघडा:
इकडे ओझरची धावपट्टी, तिकडे देवळालीच्या तोफा,
नाशिकरोडला नोटांचा छापखाना.
लाल, लाल, लाल.
पैसा छापतात आपल्याच गावात
आणि त्याच्यावरून उडायलाही बंदी.
उरतो धरणाच्या मागचा एक हिरवा तुकडा.

तिथंच फैयाज कोकणीनं त्याचा घालायला दिला.
सकाळचे साडेसहा. रिमोट त्याच्या हातात.
'आधी बस,' म्हणाला, 'उभा राहिलास तर पडशील.'
द्राक्षाच्या क्रेटवर बसलो, चष्मा खिशात,
कपाळाला त्याच्या घामाचा ओला फोम.
आणि जमीन गेली.

काय सांगू.
बागांवरची जाळी सायीसारखी सुरकुतली,
पाण्याची कड वाकडी झाली, सरळ झाली,
एक बगळा माझ्या खालून गेला.
खालून. बगळा.
मी क्रेटच्या फळ्या धरून ठेवल्या.

मग फैयाजनं वळवलं तेव्हा दिसला
कुणीतरी माणूस, पाय पोटाशी घेऊन बसलेला,
तोंडाला काळा डबा,
टाळूवर रुपयाएवढं टक्कल.
आधी कीव आली.
ओळख नंतर पटली.

लहानपणी येवल्याला, आत्याच्या गच्चीवर,
पतंगाला डोळे द्यावे लागत नसत.
आसारी कमरेशी, दोरा तर्जनीवर,
वर काय चाललंय ते बोटाला कळायचं:
ढील दे. खेच. गेला.
संध्याकाळी आमटीत बोट बुडलं
की चर्र व्हायचं, आणि कापाकापी पुन्हा आठवायची.
ह्या यंत्राला दोराच नाही.
पट्टीनं मोजून डोळेच पाठवायचे वर.

वृंदाला सगळं सांगितलं, बगळ्यासकट,
टकलाचं सोडून.
ती मेथी निवडत होती. किमतीवर काही बोलली नाही.
म्हणाली, 'तू आत असशील तेव्हा बाहेर कोण बघणार?'

नियमच आहे तो, म्हटलं. शेजारी एक माणूस लागतो
उघड्या डोळ्यांचा,
तारा आल्या, पक्षी आला, तर ओरडणारा.
'पगार?'
चहा. थर्मासमधला.
'मी साडेसहाला उठत नाही.'

काल आठला आलो दोघं.
गॉगल नव्हता, नेहमीचा ड्रोन आणि फोनची स्क्रीन,
उन्हात निम्मी काळी.
ती कपाळावर हात धरून उभी,
तोंड जरासं उघडं, ओढणी क्रेटला अडकलेली.
'घार आहे,' म्हणाली, 'डावीकडे.'
मी स्क्रीनवर शोधली. नव्हती.
मान वर केली.
होती. चांगली मोठी,
एकही पंख न हलवता.

ड्रोन उतरवला. चहात साखर जास्त झाली होती.

आज सकाळी किंमत बाराशेनं उतरलीय.
चिठ्ठी पाकिटात आहे, घामानं मऊ पडलेली,
चौसष्टमधला चार आता नऊसारखा दिसतो.
कांकरियांकडे जाऊन
पुन्हा मोजून घ्यावं म्हणतोय.
जमलं तर तिचंही.