उलट्या पावली

पालथ्या घड्यावर पाणी ठरत नसेल,
माती ठरते.
आई जुनी घागर पालथी घालते,
राख भुरभुरवते, म्हणजे सुटताना रुसवा नको,
आणि तिच्या बुडावर ओली माती थापत बसते.
ऊन कलेपर्यंत जुनीच्या अंगावरून
नवीचं बूड अलगद निघतं.

मग वळ्या.
मनगटाएवढ्या जाड, एकीवर एक.
आणि आई चालायला लागते.

आमच्याकडे चाक नाही.
घागर जागेवर, बाई फिरते,
तीही उलट्या पावली,
एक हात आत, एक बाहेर,
तोंड मातीकडे, पाठ जिकडे जायचं तिकडे.
मधेच कोंबडी पायात येते.
कोंबडीला शिवी, चालणं चालूच.
अंगणात एक गोल झिजून खोल गेलाय.
पाहुणे विचारतात, इथे बैल बांधता का?

मंगळवारी जन्मली म्हणून तिचं नाव तलातू.
मी बावा. मला वळी वळता येत नाही,
माझी बोटं क्लचच्या तारेला सरावलेली.
मी नेतो फक्त.
मागे गवताच्या गादीत दोन रांजण,
पुढे टाकीवर सहा परळ,
सुलेजाच्या बाजारापर्यंत बेचाळीस खड्डे.
मोजलेत.
अठ्ठाविसाव्यात एकदा आख्खा आठवडा फुटला.
आई काही बोलली नाही,
खापऱ्या तेवढ्या गोणीत भरून परत आणायला लावल्या.
मोठी खापरी कोंबड्यांच्या पाण्याला,
उरलेल्या कुटून पुढच्या मातीत.

गेल्या वर्षी तिचा गुडघा धरला.
मी जुन्या होंडाचं चाक काढलं, टायर सोलला,
आस जमिनीत रोवला, वर फळी ठोकली,
ग्रीस भरलं.
म्हटलं, आता तू बस, घागर फिरेल.
बसली. माझं मन मोडू नये म्हणून बसली.
बोटाने ढकललं, तर चाक सर्रकन.
तिसऱ्या वळीला म्हणाली, गरगरतंय.
चौथ्या वळीला उठली.
"रांजण जन्मभर एका कोपऱ्यात बसणार,
त्याला आत्तापासून फिरायची सवय कशाला?"

चाकावर आता मिरच्या वाळतात.
वारा सुटला की आपल्या आपण फिरून
सगळ्या बाजूंनी ऊन खातात.

वारा म्हणजे हरमटन. ओठ फुटतात,
सूर्यावर पीठ चाळल्यासारखी धूळ,
आणि तोच आमचा आव्याचा महिना.
गवत, काटक्या, पुन्हा गवत.
रात्री लांब काठीने लालबुंद घागर ओढायची
आणि दोरोवाच्या शेंगांचा काढा
झाडूने तिच्यावर शिंपडायचा.
चर्र.
एवढं काम मला येतं.
डाग कुठे पडेल हे कुणालाच येत नाही.

हजिया रकियाकडे दोन दारांचा फ्रीज आहे.
वीज येईल तेव्हा येईल,
तोवर त्यात ती पासबुकं ठेवते.
अंगठीने प्रत्येक रांजण ठोकते, कान लावते,
म्हणते, प्लास्टिकचा ड्रम याच्या अर्ध्यात येतो.
मग ड्रम घे, मी म्हणतो.
ड्रमातलं पाणी दुपारी चहासारखं होतं, ती म्हणते.
मग दोघंही गप्प. सौदा होतो.

रांजण घरात मीच नेऊन देतो.
कोपऱ्यात वाळूचा ढीग करून ठेवलेला असतो,
त्यात तो बसवायचा,
काठ दोन्ही हातांनी धरून,
थोडा दाब, थोडी हिसकी, थोडं सरकणं.
कोपऱ्यात जागा कमी, दिवेही गेलेले.
मी वाकलेला, डोळे काठावर,
मागे मागे सरकत आख्खी एक फेरी होऊन गेली
तेव्हा कळलं.

हजिया दारातून बघत होती.
म्हणाली, डावीकडे कललाय.

मी आणखी एकदा गेलो.