चिमटा

पावतीवर फोर्क लिहिलं होतं. मी चिमटाच म्हणतो.
देवरुखात काशिनाथ साळवींच्या दुकानात तेवढाच शब्द होता:
चिमटा वाकला. मग जाड नळी घालून
एक हिसका, एक शिवी, पाच रुपये.
वाकलेलं दिसायचं, आणि दिसलेलं सरळ व्हायचं.

हा वाकत नाही.
काळा कार्बन, तीनशे सत्तर ग्रॅम,
दोन पायरी आंबे भरतील एवढा.
योहान केपटाऊनला परत निघाला तेव्हा
अख्खी सायकल मला निम्म्या किमतीत देऊन गेला,
वर म्हणाला, हिला कधी थकवा येत नाही.

सोहार. पहाटे चार चाळीस.
समुद्राकडून ओल्या फडक्यासारखी हवा,
रिफायनरीची ज्वाळा डाव्या खांद्यावर,
आणि रस्ता खडीचा, वर डांबराचा नुसता हात फिरवलेला.
जुन्या पोलादी सायकलवर या रस्त्याने
तळहातांना अशा मुंग्या यायच्या
की घरी चहाचा कप धरला
तरी कप अजून रस्त्यावरच असायचा.

कार्बनचा रस्ता चाळून येतो.
पुलाचा सांधा, आडवी आलेली वाळू, शेळ्यांच्या लेंड्या
एवढंच वर कळतं,
बाकीचं तो आतल्या आत गिळतो.
मला फार आवडलं हे.
चाळीस किलोमीटर झाले तरी मनगटं ताजी.

माझं काम पाइपांच्या भिंती मोजायचं.
गेली एकोणीस वर्षं मी पोलादाचं ऐकत आलोय.
ते झिजतं, सांगतं. कुरकुरतं, फुगतं,
मोडण्याआधी दोन-तीन निरोप तरी धाडतं.
त्या सवयीचा माणूस मी,
आणि बसलो होतो कशावर.

फेब्रुवारीत, मजीसच्या वळणावर,
वाळूखाली खड्डा होता.
पुढचं चाक गेलं, आलं.
रिम सरळ, टायर शाबूत, मीही.
त्यावर मी अकरा दिवस सायकल चालवली.
उतारावर पन्नासच्या वेगानेसुद्धा.

मुराद बलुशीने सायकल उलटी टांगली ती ब्रेकसाठी.
चाक काढलं, बोटाने रंगावरची केसाएवढी रेघ चाचपली,
आणि खिशातून पन्नास बैशांचं नाणं काढलं.
टक. टक. टक. खाली उतरत,
मग वर, ब्रेकच्या जरा खाली
बद्द.
परत तिथेच. बद्द.
आमच्याकडे मडकं घेताना असंच वाजवतात,
असं मला त्याला सांगायचं होतं.
माझ्या तुटक्या अरबीत मडकं नव्हतं.
त्याने मान हलवली. माझ्याआधी त्याच्या कानांना कळलं होतं,
आणि कान विकून पगार घेणारा मी.

त्याने मास्क लावून तो करवतीने कापला,
दुसऱ्या कुणी बसवू नये म्हणून.
काळी धूळ. आत कापडावर कापड,
आणि त्यातला एक पदर सुटलेला,
नखाएवढा.
तेवढ्या नखावर मी अकरा दिवस रेललो होतो.

रात्री सुलभाचा फोन.
हाताला मुंग्या येतात का अजून?
म्हटलं, नाही.
मग बरंय, म्हणाली, आणि टाकीच्या गळतीवर बोलत राहिली.
मी हो-हो करत राहिलो.

नवा पुन्हा कार्बनचाच घेतला. का, विचारू नका,
मनगटं ऐकेनात.
मुरादने बोल्ट टॉर्कच्या पान्याने आवळले,
पाचावर क्लिक झालं की हात मागे.
पैसे घेतले, नाणं मात्र माझ्याच हातावर ठेवलं.

आता दर गुरुवारी रात्री, शुक्रवारच्या फेरीआधी,
बाल्कनीचं दार लावून एसी बंद करतो.
घामाघूम होत वरून खाली वाजवत जातो.
पन्नास बैशांत इथे काही येत नाही.
तरी ते मी सीटखालच्या पिशवीत वेगळं ठेवतो,
सुट्ट्यांत मिसळू देत नाही.