साडेआठ ते अकरा

अ‍ॅथलोनमध्ये वीज गेली की लोक शिव्या देतात.
सिरिल अडोनिस मात्र तेवढ्यासाठी आठवडाभर थांबलेत.
वेळापत्रक फ्रिजच्याच दारावर चिकटवलंय:
मंगळवार, साडेआठ ते अकरा.

भाची बेरेनिस सकाळपासून घर मुकं करतेय.
गाद्या भिंतींना उभ्या, खिडकीत दुहेरी रजई,
शेजारचा कुत्रा एका हाडाच्या बोलीवर
दोन गल्ल्या पलीकडे धाडलेला.
भिंतीवरचं घड्याळ पिठाच्या डब्यात.
तिथं ते पिठाला वेळ सांगतंय.

आधी कपाटात उभं राहून वाजवून पाहिलं होतं,
कोटांच्या मधोमध, डांबरगोळ्यांच्या वासात.
"खोलीला थोडं तरी बोलू दे गं," सिरिल म्हणाले,
"अगदीच गप्प खोली म्हणजे अळणी मासा."
न्हाणीघरात उलटंच:
एक सूर टाकला की टाइल्स चार परत करायच्या,
व्याजासकट.

मग माईक.
ती तो कर्ण्याच्या तोंडाशी नेते. सगळेच नेतात.
"हा काय नुसता तोंडानं बोलतो?
तळाचा सूर सोडला तर बाकीचे
वाटेतल्या भोकांतूनच निसटतात.
हातभर लांब ठेव. जरा बाजूला.
डाव्या हाताच्या बोटांकडे बघू दे त्याला.
माणूस खोटं बोलतोय का, हे आपण
त्याच्या तोंडाकडे बघून ठरवतो थोडंच?"

आठ तीस.
आधी दिवे जातात. मग गल्लीभर एक लांबलचक हाय.
मग फ्रिज अंग झटकतो
आणि गप्प होतो.
बॅटरीवरच्या यंत्राचा लाल ठिपका तेवढा जागा.
सिरिल रीड जिभेवर भिजवतात,
डोळे मिटतात; अंधारात त्याची गरज नसते, तरी.

सात वेळा वाजवलं.
सातही वेळा स्वच्छ. इतकं स्वच्छ की
चाव्यांची टपटप ऐकू येते,
कडव्याआधी ओढलेला श्वास,
त्यातली जुन्या सिगारेटींची किरकिरसुद्धा.
पण हेडफोन उतरवून सिरिल म्हणतात, "उतरलाय."
रीड बदलली. मुखनळी आत सारली.
"उतरलाय गं. केसभर."
बेरेनिस मोबाइलवरचं यंत्र दाखवते: काटा सरळ उभा.
"काट्याला काय कळतंय."

अकरा वाजता गल्ली ओरडते.
फ्रिज कण्हत उठतो, घुमायला लागतो.
सिरिल सॅक्सोफोन गळ्यातच ठेवून त्याच्याकडे बघत राहतात.
मग हळूच एक लांब सूर काढतात
आणि तो त्या घुमण्यावर असा बसतो,
जसा झाकणाला डबा भेटावा.

काटा उजवीकडे कलतो. केसभर.

एकोणतीस वर्षं.
बायकोनं हप्त्यांवर घेतलेला,
दोनदा रंगवलेला, दार लागत नाही म्हणून लाथ खाणारा.
ज्याला घालवायला एवढा खटाटोप केला
तोच यांचा तंबोरा, तोही चढा लावलेला.
आणि बँडवाली सगळी पोरं इतकी वर्षं
मुकाट्यानं आपापली वाद्यं वर ओढत
यांच्याशी जुळवून घेत आलेली.

फ्रिजखाली पाण्याचं थारोळं झालंय.
बेरेनिस फडकं घेऊन खाली बसते,
आत स्नूक मासा पाझरायला लागलाय, त्याचा वास येतो.
"आणि याला कुठं लावायचा माईक?" ती विचारते,
चिडूनच.

सिरिल गंभीरपणे विचार करतात.
"हातभर लांब," म्हणतात. "जरा बाजूला."