पान्हा

ग्युम्रीच्या थेटरात सहाच रांगा भरलेल्या.
आरुस्याक मावशी तिसरीत, कडेला,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात,
दवाखान्यात नंबरची वाट बघावी तशी.

सिनेमा तिच्यावर होता. पत्रात तरी तसं लिहिलेलं.
दोन वर्षांपूर्वी येरेवानहून एक मुलगा आला होता,
तिच्या स्वयंपाकघरात बसून जर्दाळूचा मुरांबा संपवून
सगळं टिपून घेऊन गेला.

पडद्यावर नदी आली. अखुरियान. ती बरोबर होती.
काटेरी तार, मनोरा, पलीकडचा तुर्की काठ, तेही ठीक.
मग वाहून गेलं एक पोर,
पिवळ्या स्वेटरातलं,
आणि अख्खं थेटर श्वास घ्यायचं थांबलं.
मावशी माझ्याकडे वळली:
"पोर कुठलं? गाय होती."

पलीकडच्या म्हाताऱ्यानं पोराला ओढून काढलं,
घोंगडीत गुंडाळलं, सूप पाजलं. व्हायोलिन.
शेजारची बाई हुंदके देत होती. मीही, थोडा.
"गाय होती," मावशी म्हणाली, आता मोठ्यानं. "माराल."

त्र्याऐंशी साल. मार्च. बर्फाच्या पाण्यानं फुगलेली नदी.
तीन आठवड्यांची व्यालेली माराल
दावं तोडून पाण्यात उतरली, पलीकडे निघाली.
वासरू इकडे.
मावशी तारेपर्यंत धावली, ओरडली: माराल!
पलीकडून टोपी हातात घेतलेला एक माणूस
तसंच ओरडला: माराल!
हरणी. शब्द दोन्ही काठांवर एकच.
गायीनं मान वळवली. कुणाकडे, ते दिसलं नाही.
मनोऱ्यावरचा रशियन शिपाई
सिगरेट पेटवायला पाठमोरा झाला.

मग अकरा दिवस.
पंचनामा, चौकशी, दोनदा ठाण्यावर बोलावणं,
मावशीच्या डोक्यात मात्र एकच:
धार कोण काढतंय?
नाही काढली तर कास दगड होते, ताप चढतो,
आचळातून रक्त येतं.
आणि काढायला गेलंच कोणी,
तर परक्या हाताला ही पान्हा चोरते.

बाराव्या दिवशी पुलावर कागद झाले, दोन भाषांत:
गाय, एक. तांबडी. डावं शिंग अर्धं.
अधिकाऱ्यांनी तिच्याकडे न बघता सह्या केल्या.
मावशीनं आधी कासेलाच हात घातला.
मऊ. रिकामी. त्याच सकाळची.
आचळांना लोणी चोळलेलं.
मागच्या पायाची जखम लाल दोऱ्यानं शिवलेली,
गाठ डावखुऱ्या माणसाची.

"मला तर रागच आला होता,"
मावशी मध्यंतरात सांगत होती, बिस्किटाचा पुडा न फोडता.
"सख्ख्या बहिणीला थेंब न देणारी गाय.
त्याला पान्हा सोडला. तुर्काला."
बराच वेळ काही नाही.
"त्या काठाबद्दल आईनं मला जे सांगितलं,
त्यातही हात होते."
मग पुडा माझ्याकडे देत:
"ह्याचा कसा असेल, हात?"

शेवटी नावं सरकली. तिनं सगळी वाचली,
लाइटवाल्यांची, जेवण देणाऱ्यांचीसुद्धा.

बाहेर तो मुलगा फुलं घेऊन उभा. अवघडलेला.
"गायीसाठी लोक रडत नाहीत, मावशी."
"रडायचं कशाला?" ती म्हणाली.
"तिकडे दाखवणार हे?"
"दाखवू की. इस्तंबूलला, पुढच्या वर्षी."
"मग तो बघेल. असला तर."
फुलं तिनं घेतली, ह्या हातातून त्या हातात केली.
"त्याला वाटेल, आम्ही गाय विसरलो."

घरी पोचलो तेव्हा अंधार. तीन तास उशीर.
माराल हंबरत होती.
पाचवी की सहावी माराल, मला मोजता येत नाही.
मावशीनं फुलं गाडीतच ठेवली
आणि चांगला कोट न काढता
गोठ्यात शिरली.