पन्नास मीटरची फीत

जून. पाणी बारा अंश.
व्हायलाच्या पोलाद कारखान्याची रात्रपाळी सुटते
तेव्हा डेन्झिल गाडी खडकांपाशी आणून लावतो.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी भोंग्यालाच उठतो.
माझ्या पाठीवरची चेन ओढतो
आणि दरवर्षीचंच म्हणतो : "बोटं मोजून आण."

मी उतरते. फीत पसरते.
पाटीवर पेन्सिलीने रेघा : नर, नर, मादी, नर, नर.

कवटी म्हाकुळं.
वर्षभर कुठे असतात कुणाला धड ठाऊक नाही,
एकेकटी,
आणि मग या एवढ्याच उथळ पट्ट्यात
ही झुंबड. एका मादीमागे सात-आठ.
थोराड नर कातडीवरून काळे पट्टे पळवतात,
हात चादरीसारखे झटकून पसरतात,
एकमेकांना लांबी दाखवतात.
चावा क्वचित. बरंचसं भांडण दिसण्यावरच मिटतं.
आणि एवढे रंग अंगावर काढणारे हे डोळे
रंगांधळे.

मादी बहुधा नाहीच म्हणते.
कडेला एक पांढरी रेघ उमटवते : नको.
ती रेघ वाचायला मला तीन हिवाळे लागले.

आज फितीच्या एकतिसाव्या मीटरला
एक लहानखुरा, हात आखडून,
अंगावर मादीचे ठिपके चढवून
थोराडाच्या कुशीत सरकला.
थोराडाने त्यालाही आडोसा दिला,
दोघींची मिळून राखण केली.
आणि आडोशाच्या आत
डोक्याला डोकं, हातांत हात गुंतलेले.

मी आधीच मादी लिहून बसले होते.
खोडलं नाही.
शेजारी बारीक फुली केली.

वर आल्यावर डेन्झिलला सांगितलं. हसला नाही.
फ्लास्कचं झाकण माझ्या हातात देत म्हणाला,
"भट्टीवर लागलो तेव्हा पंधराचा होतो.
अठरा सांगितलं होतं. जाड बूट घातले होते."

ती अंडी लावते दगडाच्या पोटाला,
एकेक, लिंबाच्या घाटाचं, पांढरं.
मग जाते. तोही जातो. तिन्ही हृदयं थांबतात.
पिल्लं फुटतात
तेव्हा तुझे डोळे अमक्यासारखे म्हणायला
तिथे कुणी नसतं.

ऑगस्टात किनाऱ्यावर समुद्रफेस लागतो.
डेन्झिल वाकून वाकून पिशवी भरतो.
आमचा पोपट तासन् तास चोच घासतो,
भुगा खाली पडत राहतो
पिंजऱ्यात अंथरलेल्या
माझ्या गेल्या सालच्या मोजणीवर.